पाप आणि देहस्वभाव यांच्यावर विश्वासणाऱ्याला खरोखर विजय मिळतो का? रोम. ६ ते ८ शिकवताना काय सांगावं?

तरुणसंघ_नगर

सर्वांना प्रेमी सलाम.

पुढच्या महिन्यात आमच्या तरुण संघात बायबलमधल्या, पौलाच्या रोमकरांस पत्राचे ६, ७, ८ हे अध्याय चार शुक्रवारी घ्यायचे आहेत. वर्ग १८ ते ३० वयाचा. तयारी करणाऱ्यांतच दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते, नवा जन्म झालेला माणूस पाप करतच नाही, १ योहान ३:९ स्पष्ट आहे. जो करतो त्याचा नवा जन्मच झालेला नाही. दुसरी बाजू म्हणते, पौलासारखा प्रेषित रोम. ७ मध्ये हात टेकतो, तिथं तुमचीआमची काय कथा. मरेपर्यंत हे असंच चालायचं. पहिलं शिकवलं तर मुलं खोट्या साक्षी द्यायला शिकतील आणि दुसरं शिकवलं तर सुस्तावतील, अशी धास्ती आहे.

तर 'जे करू नये असं वाटतं तेच मी करतो' म्हणणारा रोम. ७ मधला 'मी' कोण? आणि राग, मोबाइलवरची घाण, दारू, थापा, मंडळीतली भांडणं या नेहमीच्या गोष्टींबद्दल मुलांनी विचारलं तर सोमवारी सकाळपासून नेमकं काय करायला सांगायचं? "प्रार्थना करा, वचन वाचा" हे त्यांना पाठ आहे. साक्षी नकोत, पद्धत हवी.

बेरियाकर

सलाम. आधी योहान घेतो, कारण तो गुंता लवकर सुटतो.

ज्या पत्रात ३:९ आहे त्याच पत्रात १:८ आणि १:१० आहेत: आमच्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो आणि देवाला लबाड ठरवतो. मग २:१ येतं: तुम्ही पाप करू नये म्हणून लिहितो, पण कुणी केलंच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. ३:९ चा असा अर्थ लावायचा नाही की २:१ लिहायची गरजच उरू नये. साधारणपणे सांगितलं जातं की मूळ ग्रीकमधला वर्तमानकाळ 'पाप करत राहणं' दाखवतो. ते अगदीच चूक नाही, पण एकट्या व्याकरणावर भिस्त ठेवू नका. ५:१६ मध्ये भाऊ पाप करताना दिसतो, तिथंही वर्तमानकाळच आहे आणि तो तरीही भाऊच आहे. खरा आधार संदर्भाचा. योहानाचा वाद आहे तो पाप नाकारणाऱ्या आणि वागणुकीला किंमत न देणाऱ्या लोकांशी. मूल कुणाचं हे वळणावरून कळतं, असं तो म्हणतोय. आणि त्या वळणाची पहिली खूण म्हणून ३:१० पासून भावावरची प्रीती पुढे करतो.

आता रोम. ७. हा वाद तुमच्या संघात सुरू झालेला नाही, निश्चिंत असा. ग्रीक मंडळीतल्या बऱ्याच जुन्या भाष्यकारांनी हा 'मी' ख्रिस्ताबाहेरचा, नियमशास्त्राखालचा माणूस मानला. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याचंही सुरुवातीला तेच मत होतं. माणूस स्वतःच्या इच्छेनं पापाशिवाय जगू शकतो म्हणणाऱ्या पेलाग्यूसच्या अनुयायांशी वाद पेटल्यावर त्यानं ते बदललं आणि हा विश्वासणारा पौलच आहे असं धरलं. लूथर आणि कॅल्विन हे प्रोटेस्टंट धर्मसुधारक त्याच वाटेनं गेले. १५९०च्या दशकात अॅम्स्टरडॅममध्ये अर्मिनियस या डच धर्मशिक्षकानं याच अध्यायावर उलट बाजूनं शिकवलं तेव्हा मोठं वादळ उठलं. १९२९ मध्ये क्यूमेल या जर्मन अभ्यासकानं मांडलं की हे आत्मचरित्र नाहीच, 'मी' ही बोलण्याची शैली आहे.

दोन्हीकडचे पुरावे वर्गात मांडा, मुलं रस घेतील. विश्वासणारा म्हणावं तर ७:१४ पासून क्रियापदं भूतकाळातून वर्तमानात येतात, ७:२२ मध्ये त्याला अंतर्यामी देवाच्या नियमाचा आनंद वाटतो, आणि ७:२५ मध्ये उपकारस्तुती झाल्यावरही झगडा पुन्हा सांगितला आहे. नाही म्हणावं तर ७:१४ मध्ये तो पापाला विकलेला आहे, आणि ६:१८ तर म्हणतं की तुम्ही पापातून मुक्त झालात. शिवाय ७:७ ते ७:२५ मध्ये पवित्र आत्म्याचं नावसुद्धा नाही, आणि आठव्या अध्यायात ते वीसेक वेळा येतं.

माझा कल 'हा विश्वासणारा नाही' या बाजूला आहे, पण वर्गात निकाल लावायची गरज नाही. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य करावीच लागते: नियम ठाऊक असणं आणि इच्छा चांगली असणं, एवढ्या भांडवलावर जो लढतो त्याची गत सातव्या अध्यायासारखीच होते, मग तो विश्वासणारा असो वा नसो. त्यामुळे "पौलसुद्धा पडायचा" हा त्या अध्यायाचा वापर बंद करा. पौल तिथं मुक्काम करायला सांगत नाहीये. ८:१ ला ('ख्रिस्त येशूत असलेल्यांना आता दंडाज्ञा नाही') तो तिथून बाहेर पडतो.

शिकवताना सगळ्यात जास्त बिघडतं ते सहाव्या अध्यायात. पत्रात वाचकांना उद्देशून पहिली आज्ञा येते ती ६:११ ला. त्याआधी साडेपाच अध्याय नुसतं देवानं काय केलं तेच सांगितलंय. आणि ती पहिली आज्ञासुद्धा 'पाप सोडा' अशी नाही. ख्रिस्ताबरोबर मेलात आणि उठलात, तर स्वतःला तसं माना, अशी आहे. ६:१२ ची 'पापाला राज्य करू देऊ नका' ही त्यानंतरची, आणि ६:१३ ची 'अवयव देवाला सोपवा' त्याहून नंतरची. बहुतेक तरुण शिबिरांत थेट ६:१२ पासून सुरुवात होते, मुलं वेदीजवळ जाऊन शपथा घेतात आणि पंधरवड्यात जागच्या जागी. कारण साधं आहे: मालक बदललाय हे पटलेलं नसतं, आणि जुन्या मालकाचा हुकूम मोडायचा नुसता जोर लावलेला असतो. ६:१४ चं वचन भविष्यकाळात आहे आणि त्याचं कारणही तिथंच दिलंय: तुम्ही कृपेच्या अधीन आहात म्हणून.

वसईचा_पाखाडीकर

बेरियाकरभाऊंचं बरंचसं पटलं. आम्ही कॅथलिक, त्यामुळे एकदोन ठिकाणी वाट वेगळी आहे, पण तुम्हाला 'पद्धत' हवी आहे म्हणून लिहितो.

शिकवणीचं थोडक्यात. पापरहित असण्याचा दावा मंडळीनं फार पूर्वीच निकालात काढलाय. ४१८ साली कार्थेजला भरलेल्या परिषदेपुढे असं म्हणणारे लोक होते की संतमंडळी प्रभूच्या प्रार्थनेतली 'आमची ऋणे आम्हांस सोड' ही विनंती नम्रता म्हणून करतात, स्वतःला गरज आहे म्हणून नव्हे. परिषदेनं ते मत साफ फेटाळलं. प्रभूची प्रार्थना सगळ्यांसाठी खरी आहे. दुसरीकडे ट्रेंटच्या परिषदेनं १५४६ मध्ये सांगितलं की बाप्तिस्म्यानंतर उरते ती वासना, ती झगड्यासाठी उरते आणि तिला संमती न देणाऱ्याचं ती काही बिघडवू शकत नाही. ती वासना हेच पाप का, यावर लूथरपंथी आणि आम्ही आजही वेगळे आहोत. तो वाद मुलांवर लादू नका. पण मोह वाटणं वेगळं आणि संमती देणं वेगळं, ही रेघ मात्र ठळक काढा. आमच्याकडे गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याचं पूर्ण भान हवं, आणि जाणूनबुजून दिलेली संमती हवी. झोपेतल्या स्वप्नाबद्दल किंवा मनात चमकून गेलेल्या विचाराबद्दल रडत येणाऱ्या पोराला एवढं सांगितलं तरी अर्धं ओझं उतरतं.

आता पद्धत. लोयोलाच्या संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेत 'विशिष्ट परीक्षण' म्हणून एक प्रकार आहे. पोपनं त्या पुस्तकाला १५४८ मध्ये मान्यता दिली, पण ही रीत इतकी साधी आहे की कुठल्याही पंथाच्या माणसाला चालावी. एकच पाप निवडायचं. एकच, हे महत्त्वाचं. सकाळी उठल्याउठल्या ठरवायचं की आज या एकापासून सावध राहीन. दुपारी जेवणानंतर पहिलं परीक्षण: कृपा मागायची, मग उठल्यापासूनचा एकेक तास डोळ्यांपुढून घालवायचा आणि जितक्या वेळा पडलो तितके ठिपके वहीतल्या रेघेवर मांडायचे. रात्री जेवणानंतर दुसरं परीक्षण, दुसऱ्या रेघेवर. दिवसाला दोन रेघा, आठवड्याच्या चौदा. आणि दिवसभरात ज्या क्षणी पडू त्या क्षणी हात छातीला लावायचा; चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री दोन रेघांची तुलना करायची, दुसऱ्या दिवशी कालच्याशी, आठवडा संपला की मागच्या आठवड्याशी.

यात लोक दोन-तीन ठिकाणी घसरतात. एकदम पाच पापं घेतली की तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. 'माझा स्वभाव सुधारावा' असं मोघम काही घेतलं तर ठिपका कशाला द्यायचा तेच कळत नाही; 'आईला तोडून बोलणं' असं घ्या. आणि ठिपके कमी झाले की देव खूश, वाढले की नाराज, असा हिशेब मनात सुरू होतो. तो सुरू झाला की वही काही दिवस बाजूला ठेवायची. ठिपके वाढतात ते पहिल्या आठवड्यात बहुधा लक्ष वाढल्यामुळे. तेव्हा घाबरून सोडू नका.

पापाचा प्रसंग टाळणं हाही आमच्याकडे पश्चात्तापाचाच भाग धरतात. कन्फेशनला पश्चात्तापाची प्रार्थना म्हणताना तेच वचन देतो. अमक्या मित्रांबरोबर अमक्या जागी बसलं की दारू होतेच, तर पश्चात्ताप त्या जागेपासून सुरू होतो, ग्लासापासून नव्हे.

शुक्रवारची_बँड

वेस्लीचा विषय निघायला हवा होता. पहिल्या तटाचं म्हणणं त्याच्याच नावावर खपवलं जातं, म्हणून.

मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली 'ख्रिस्ती परिपूर्णता' शिकवत होता हे खरं. १७६६ मध्ये त्यावर त्याचं छोटेखानी पुस्तकही आलं. पण त्याची व्याख्या बघा: देवावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. अज्ञान, चुका, आजारपण, मोह यांतून सुटका होते असं तो कुठंच म्हणत नाही. ज्याला तो खऱ्या अर्थानं पाप म्हणतो ते म्हणजे ठाऊक असलेल्या आज्ञेचा जाणूनबुजून केलेला भंग. मिळालेली परिपूर्णता गमावताही येते असं तो सांगे, आणि ती आपल्याला मिळालीय असा उघड दावा त्यानं स्वतःसाठी केला नाही. लंडनमध्ये १७६०च्या सुमारास काहींनी हे टोकाला नेलं. जॉर्ज बेल नावाचा माजी सैनिक स्वतःला मोहापलीकडचा समजू लागला आणि २८ फेब्रुवारी १७६३ ला जगाचा अंत होणार म्हणून सांगत सुटला. वेस्लीनं त्याला जाहीरपणे झिडकारलं. 'मी आता पाप करूच शकत नाही' या वाक्यापुढे हेच होतं. ज्याला कुणी चूक दाखवू शकत नाही त्याचा तोल कधी ना कधी जातोच.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर १७३८ मध्ये वेस्लीनं 'बँड' नावाच्या छोट्या गटांचे नियम लिहिले, याकोब ५:१६ च्या ('एकमेकांजवळ पापं कबूल करा') आधारावर. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळेला, पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या. प्रत्येकाला विचारायचे प्रश्न ठरलेले: मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप केलं? कोणते मोह आले? त्यांतून सुटका कशी झाली? आणि असं काही मनात आणलं, बोललात किंवा केलंत का, की जे पाप आहे का नाही याची तुम्हालाच शंका आहे?

तिसरा प्रश्न बहुतेक गट गाळतात. त्यामुळे भेट म्हणजे नुसती पडझडीची नोंद होते आणि दोन महिन्यांत सगळे कंटाळतात. कुठं, कशामुळे वाचलो हे सांगितलं की दुसऱ्याला काहीतरी हाताला लागतं. तीन-चार जणच घ्या. सात झाले की भाषणं सुरू. सगळे एकाच सवयीत अडकलेले असतील तर गट करू नका, एकमेकांना समजून घेता घेता सूट देतात. एखादा तरी वयानं मोठा हवा. आणि कबुलीत पापाचं नाव यावं, तपशील नको. 'या आठवड्यात दोनदा अश्लील व्हिडिओ पाहिले' एवढं पुरे. त्यापुढचं ऐकणाऱ्याला मोहात टाकतं.

केडगाव_लोकल

एक दुवा जोडतो. 'आत्मसमर्पण करा, झगडू नका, विजय आयता मिळेल' ही शिकवण आपल्याकडे कुठून आली हे मुलांना सांगा. इंग्लंडात केझिक गावी १८७५ पासून दरवर्षी सभा भरतात. त्यांचा आठवड्याचा क्रम ठरलेला असे: आधी पापाची जाणीव, मग शुद्धीची तरतूद, समर्पण, आत्म्याची परिपूर्णता, शेवटी सेवा. पंडिता रमाबाई १८९८ मध्ये तिथं गेल्या होत्या, आणि १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन (आत्मिक जागृती) झालं त्यात मुलींनी मोठ्यानं रडून पापं कबूल केल्याच्या नोंदी आहेत.

त्या शिकवणीतलं मोलाचं असं की नीतिमान ठरणं जसं विश्वासानं, तसंच पवित्रीकरणही (पापापासून शुद्ध होत जाणं) विश्वासानं, स्वतःच्या हिमतीवर नव्हे. खोट अशी की लोक एका मोठ्या रात्रीची वाट बघत बसतात. दर शिबिरात समर्पण, दर शिबिरात पुन्हा पुढे. रमाबाईंच्या मुक्तीत मात्र संजीवनाआधी आणि नंतरही शाळा, शेती, छापखाना रोज चालू होतं, हे कुणी सांगत नाही. इब्री १२:४ ला पापाशी झगडण्याची भाषा आहे, पौल १ करिंथ ९:२७ मध्ये शरीराला कह्यात ठेवतो. झगडायचं आहेच.

ठार_मारा_८_१३

मला 'सोमवारी सकाळी' या भागावर लिहायचंय. रोम. ८:१३ मध्ये दोन गोष्टी एकत्र आहेत: ठार मारायचं तुम्हीच, पण आत्म्याच्या द्वारे. जॉन ओवेन या प्युरिटन पंडितानं १६५६ मध्ये याच एका वचनावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा एक मुद्दा मला सगळ्यात कामाचा वाटतो: माणूस पापाचा तिटकारा करतो की पापामुळे होणाऱ्या त्रासाचा, हे आधी तपासा. पकडले जाण्याची भीती, स्वतःबद्दलची लाज, उतरलेला नूर, एवढ्यासाठीच सोडायचं असेल तर भीती ओसरली की पाप परत येतं. आणि एका त्रासदायक सवयीमागे लागलेला माणूस इतर आज्ञांकडे दुर्लक्ष करत असेल तर ती एक सवयही मरत नाही. रात्रीच्या व्हिडिओंसाठी रडणारा दिवसा धाकट्या भावाला तुच्छ लेखत असेल, तर आधी तिथं बघा.

गलती. ५:१९-२१ मधली देहाची कर्मं मोजा. पंधरातली आठ वैर, कलह, मत्सर, राग, तट अशी आहेत. आपल्याकडे 'देहस्वभाव' म्हटलं की दारू आणि बाई एवढंच डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीत वर्षानुवर्षं कोर्टकज्जे करणारे स्वतःला आत्मिक समजतात. देहदंडानंही काम होत नाही, कलस्सै. २:२३ सांगतं की शरीराचे हाल केल्यानं वासनेला आळा बसत नाही.

आता क्रम. याकोब १:१४-१५ मध्ये साखळी दिलीय: वासना ओढते, भुलवते, गर्भ धरते, पाप जन्मतं, ते वाढून मरण येतं. लोक शेवटच्या कडीपाशी लढतात. साखळी पहिल्या दोन कड्यांपाशी तोडायची असते. म्हणून मागच्या चार-पाच वेळांचा माग काढायला सांगा: किती वाजले होते, कुठं होता, एकटा होता का, थकला होता की चिडला होता, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय झालं होतं. बहुतेकांना एक ठरलेली वेळ आणि एक ठरलेली जागा सापडते. लढाई तिथं, आणि त्या आधी.

मोबाइलचं उदाहरण घेतो. रात्री चार्जर स्वयंपाकघरात, फोन तिथंच. गजरासाठी साधं घड्याळ. 'गजर लावायचाय म्हणून उशाशी' ही सबब त्यानं संपते. अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनांत 'प्रायव्हेट डीएनएस' अशी सेटिंग असते. तिथं कौटुंबिक फिल्टरचा पत्ता घातला की बऱ्याच साइट उघडत नाहीत. व्हीपीएन चालू केलं की हा फिल्टर निसटू शकतो, म्हणून नवीन अॅप घालायचा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात. तरीही रील्समधून आणि स्टेटसमधून येणारं थांबत नाही, ते अॅपच काही महिने काढावं लागतं. मत्तय ५:२९ मध्ये प्रभू उपटून टाकायची भाषा करतो, हे त्यामानानं स्वस्तात सुटतंय.

पण नुसतं बंद करून भागत नाही. मत्तय १२:४३-४५ मधलं झाडून रिकामं ठेवलेलं घर आठवा. इफिस. ४:२८ मध्ये चोरानं चोरी थांबवायची, हातांनी काम करायचं आणि गरजूला द्यायचं असं तिन्ही आहे. जी वेळ रिकामी झाली तिथं काहीतरी ठेवा: कुणाला तरी फोन, आजीजवळ बसणं, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी. वचन पाठ करायचं तर त्या एका पापाशी भिडणारं एकच, आणि ते मोह नसताना पाठ करायचं. मोहाच्या क्षणी बायबल उघडून शोधत बसणारा हरतो. १ करिंथ ६:१८ आणि २ तीमथ्य २:२२ पळ काढायला सांगतात. योसेफ वस्त्र टाकून पळाला, पोटीफराच्या बायकोशी चर्चा करत बसला नाही.

रागाचं वेगळं. तिथं पळून जाऊन प्रश्न लांबणीवर टाकणं हीच खोड असते. आवाज चढला, कानशिलं तापली की बोलणं थांबवून खोलीबाहेर जा, पण परत कधी येणार ते सांगून जा, आणि त्याच दिवशी परत या; इफिस. ४:२६ मध्ये सूर्य मावळायची मुदत आहे. माफी मागताना 'काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा' हे वाक्य बंद. त्यात पाप नाहीच, 'असेल तर' आहे. 'काल जेवताना सगळ्यांसमोर तुला बिनडोक म्हणालो, ते पाप होतं, मला क्षमा कर', असं. थाप मारली असेल तर त्याच माणसाकडे जाऊन त्याच दिवशी दुरुस्त करायची. दोनदा असं केलं की तिसरी थाप ओठांवर यायच्या आधी अडते, कारण तिची किंमत आता ठाऊक असते. पैशाची अफरातफर असेल तर परतफेड. गणना ५:७ मध्ये पाचवा हिस्सा वर घालून द्यायला सांगितलंय.

आणि पडल्यावरचा पहिला तास. सैतानाचा धंदा तिथं चालतो: 'आता पडलोच आहे तर आजचा दिवस गेलाच.' एकाचे पाच तिथं होतात. त्यामुळे पडल्याबरोबर नाव घेऊन कबुली, १ योहान १:९, ठरलेल्या माणसाला मेसेज, आणि पुढचं नेहमीचं काम. दोन दिवस प्रभुभोजनापासून, प्रार्थनेपासून दूर राहून 'शिक्षा भोगणं' हा पश्चात्ताप नव्हे, तो स्वतःच्या खिशातून दंड भरायचा प्रयत्न आहे.

वॉर्ड_सिस्टर

दादा, दारूचं तुम्ही लिहिलंत म्हणून हे आधी वाचा.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला तीन दिवसांच्या उपास-प्रार्थनेला बसवून दारू एकदम तोडू नका. हात थरथरणं, घाम, उलट्या शेवटच्या घोटानंतर काही तासांतच सुरू होतात. झटके येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो, आणि भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणं, अंगात ताप, हे ४८ ते ९६ तासांत. म्हणजे नेमके उपासाचे तेच तीन दिवस. पोटात अन्न नाही, पाणी कमी, बी-१ जीवनसत्त्व आधीच कमी. यात माणूस दगावतो. आणि भ्रमात बडबडणाऱ्याला 'दुरात्मा बाहेर येतोय' म्हणून धरून ठेवलं तर मदत आणखी उशिरा मिळते. सरकारी रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करून, औषधाखाली सोडवा. तिथं जाऊन प्रार्थना करायला कुणी अडवत नाही. पुढे ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे गट) सभा, त्या चळवळीची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती गटात आहेत, पाचव्या पायरीला देवापुढे आणि दुसऱ्या माणसापुढे कबुली आणि दहाव्या पायरीला रोजचं आत्मपरीक्षण आहे, त्यामुळे तुमच्या मुलांना ते परकं वाटणार नाही.

दुसरं, ज्याला सारखे देवनिंदेचे विचार येतात, पवित्र आत्म्याविरुद्ध पाप झालं म्हणून जो रोज विचारतो, तेच पाप दिवसात दहादा कबूल करतो आणि पाच मिनिटांत पुन्हा बेचैन होतो, त्याला वही आणि ठिपके देऊ नका. वसईच्या दादांची पद्धत चांगली आहे, पण अशा मुलाचं दुखणं तिनं वाढतं. हा मंत्रचळाचा (ओसीडी) आजार असू शकतो, आणि दर वेळी धीर देत राहिलात तर आजारालाच खाऊ घालता. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, गोळ्या आणि ठरावीक वर्तनोपचार दोन्ही उपयोगी पडतात. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलतात.

तिसरं, गटात 'इथलं इथंच राहील' असं बिनशर्त वचन देऊ नका. कुणी लहान मुलावर लैंगिक अत्याचार केल्याचं किंवा होत असल्याचं सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हाही गप्प बसायचं नाही. पहिल्याच भेटीत हे सांगून टाका.

तरुणसंघ_नगर

सगळ्यांचे आभार. सिस्टरताई, उपासाचा मुद्दा आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हता. महिन्याअखेरीस उपास-प्रार्थना ठेवलीच होती, तिचं पत्रक थांबवतो.

दोन शंका. चार शुक्रवारांची वाटणी कशी करावी? आणि मुलं विचारतील, "इतकं करून वर्षभरानंतरही तेच पाप असेल तर माझं तारण झालंय का?" याला काय उत्तर द्यायचं?

बेरियाकर

पहिला शुक्रवार ६:१-११ एवढाच. ६:११ ची 'माना' सोडून आज्ञा एकही देऊ नका, कितीही मोह झाला तरी. दुसरा ६:१२-२३ आणि त्याला जोडून '८:१३'वाल्या भाऊंनी दिलेली साखळी. घरी जाऊन माग काढायला तिथंच सांगा. तिसरा सातवा अध्याय, दोन्ही बाजू मांडून, आणि वेळ उरला तर वेस्ली व केझिक. आठवा अध्याय मोठा आहे, चौथ्यात ८:१-१७ पुरे. गट चौथ्यानंतर सुरू करा, आधी नको. पाया नसताना कबुलीगट म्हणजे नुसती चौकशी होते.

दुसऱ्या शंकेला 'हो' किंवा 'नाही' असं घाईनं देऊ नका, कारण विचारणारे दोन जातींचे असतात. एकाला पाप आवडतं आणि त्याला फक्त परवाना हवा असतो, त्याला गलती. ५:२१ वाचून दाखवा, तिथं पौल सरळ सांगतो की अशी कर्मं करत राहणाऱ्यांना देवाच्या राज्याचं वतन मिळणार नाही. दुसरा झगडतोय, पडतोय, उठतोय आणि खचलाय. त्याला ८:१ आणि ८:३३-३४ (देवाच्या निवडलेल्यांवर दोषारोप कोण ठेवील?) वाचून दाखवा. झगडा आहे हीच गलती. ५:१७ प्रमाणे आत्मा आत असल्याची खूण. दोघांची औषधं उलटी दिली तर पहिला निर्ढावतो आणि दुसरा चर्चला यायचं सोडतो. ओळखायचं कसं, तर उत्तर द्यायच्या आधी एवढंच विचारा: हे थांबावं म्हणून गेल्या महिन्यात काय काय केलंस? पहिल्याकडे सांगायला काही नसतं.

आणि वर्षभरात काय मोजायचं तेही बदला. 'शेवटचं कधी पडलो' याऐवजी पडल्यापासून कबुलीपर्यंत किती वेळ गेला ते बघायला सांगा. आधी दोन आठवडे लपवणारा आता त्याच संध्याकाळी सांगत असेल तर पापाची सत्ता तिथं मोडतेय, संख्या अजून शून्य झाली नसली तरी.

ठार_मारा_८_१३

एकच भर. शून्य झाली तरी चार्जर परत उशाशी आणू नका. १ करिंथ १०:१२, 'आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्यानं पडू नये म्हणून सांभाळावं', हे अशासाठीच लिहिलंय.